गळत नाही ना, मग राहू दे

ते प्रकरण आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पोटच्या मुलाला विहिरीत ढकलणारा बापही पाहिला. त्या सगळ्यांचा राग त्या त्या वेळी आला आणि पुढे निवला. हा राग मात्र निवृत्तीनंतरही निवलेला नाही. एका मोटारीचं ब्रेक ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून माणूस गेला, आणि ते कधी बदलायचं हे ठरवणारा गृहस्थ शेवटपर्यंत मला विचारत राहिला, "यात माझं काय चुकलं?" मी इथे कुणाचंही नाव देणार नाही. त्याचं तर नाहीच नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवी मुंबई नुकती उभी राहत होती. एका बाजूला मिठागरं आणि भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला इमारतींचे सांगाडे. त्या इमारतींना लागणारी खडी पारसिकच्या डोंगरातल्या खाणींमधून यायची. माझं पोलीस ठाणं डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या बाजूला होतं. कौलारू बैठी इमारत, पुढे आवार, आवारात गंजत पडलेल्या मुद्देमालाच्या गाड्या. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं होतं.

दुपारची हजेरी चालू असताना खबर आली की खाणीच्या उतारावरून आलेल्या मोटारीने खालच्या नाक्यावर माणूस उडवला. मी जीप काढली. एका ठेकेदार कंपनीची निळी मोटार खडीच्या ढिगावर चढून थांबली होती. साइटवर येणाऱ्या पाहुण्यांची आणि इंजिनिअर लोकांची ने-आण करायला कंपनीने ती ठेवलेली. बस थांब्यापाशी एक माणूस पडला होता, जागीच गेलेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोटारीचा ड्रायव्हर रस्त्यात बसला होता. पळून गेला नव्हता.

मी पंच बोलावले आणि घटनास्थळाचा पंचनामा सुरू केला. ऊन फार होतं, म्हणून टोपी काढून मोटारीच्या मडगार्डवर ठेवली आणि लिहून घेऊ लागलो. मडगार्ड गुळगुळीत होतं, रंग नवा दिसत होता. ही टोपीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

मेलेला माणूस एका सरकारी कचेरीत क्लार्क होता, मराठवाड्यातून बायको-मुलीला घेऊन आलेला. खाणीच्या ऑफिसात कसलीशी मोजणी तपासायला आला होता आणि परतीच्या बसची वाट पाहत उभा होता. बस उशिरा होती. थांब्यावरच्या पानवाल्याने जबाबात सांगितलं की हा गृहस्थ तासभर तरी तिथे उभा होता, दोनदा येऊन बसची चौकशी करून गेला. ड्रायव्हर घणसोली गावातला, तिशी ओलांडलेला आगरी माणूस. वडिलोपार्जित जमीन नव्या शहरात गेली, त्या बदल्यात कंपनीत ही नोकरी लागली होती. आणि आता प्रकरणातली वाईट गोष्ट. हा क्लार्क घणसोलीत याच ड्रायव्हरच्या घरातल्या खोलीत भाडेकरू होता.

साधा अपघात असता तर कलम ३०४-अ लावून, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं धरून, मी मोकळा झालो असतो. पण घणसोलीत चौकशीला गेलेल्या हवालदाराने खबर आणली की आठवडाभरापूर्वी या दोघांचं सामाईक नळावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. पाणी कमी यायचं, हंडे आधी कुणाचे लागणार यावर शब्दाला शब्द वाढला. "तुला बघून घेईन," असं ड्रायव्हर चार लोकांसमोर बोलला होता.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा गाड्यांचा इनचार्ज ठाण्यात हजर. पांढरा सफारी, हातात ब्रीफकेस. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

"इन्स्पेक्टर साहेब, आमच्या गाडीत काही फॉल्ट नव्हता. एकदम परफेक्ट कंडिशन. त्याचं पर्सनल मॅटर आहे, भाडेकरूशी. तुम्हाला कळलंच असेल."

मला कळलं होतं. याला इतक्या लवकर कसं कळलं, हे मात्र मी मनात टिपून ठेवलं.

ड्रायव्हरला मी समोर बसवलं. तीन तास एकच वाक्य.

"सायेब, ब्रेक लागलाच नाय. पाय मारला त पार खाली फळीला टेकला. परत मारला, परत तसाच. हॉर्न मारला, वरडलो. तो वलून बघतो तवर गारी त्याच्यावर गेली."

"गिअर कुठला होता?"

तो बाहीने तोंड पुसत राहिला.

"गिअर कुठला होता, विचारतोय मी!"

"न्यूट्रल होता, सायेब. पेट्रोल मापून देतात. उताराला सगलेच न्यूट्रल मारतात."

माझा तोल गेला. त्या उतारावर ही सगळ्यांचीच सवय होती हे मला ठाऊक होतं. पेट्रोल वाचवायचं म्हणून गिअर काढायचा आणि अख्खा उतार ब्रेकवर उतरायचा. मी त्याला फैलावर घेतलं. तो रडत म्हणाला, "मारा मना, पन मी त्याला जानून नाय मारला. त्याची पोरगी माझे आयशीच्या मांडीवर निजते. नलाचं भांडान काय, ते रोजचंच."

आता प्रश्न असा होता. ब्रेक खरोखर लागला नसेल तर हा अपघात. ब्रेक ठीक असेल तर हा माणूस खोटं बोलतोय, आणि मग कलम ३०२, म्हणजे खून. त्याचा सगळा जन्म ब्रेकच्या एका पॅडलवर टांगलेला होता.

मोटार आवारात आणून ठेवली होती. आरटीओचा निरीक्षक तीन-चार दिवसांनी आला. त्याने पॅडल दाबलं, दगडासारखं कडक. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल पाहिलं, पातळी बरोबर, ऑइल स्वच्छ. गाडी ठाण्यासमोरच्या सपाट रस्त्यावर चालवून पाहिली, जिथे म्हणाल तिथे थांबली. "ब्रेक कार्यक्षम" असा शेरा मारून तो निघून गेला.

लगेच वरून फोन यायला लागले. कंपनी मोठी, शहर उभारणारी, तिच्या लोकांची ऊठबस मोठमोठ्यांत. "आता काय राहिलंय? ब्रेक ठीक आहेत, मोटिव्ह आहे, खुनाचं कलम लावा आणि प्रकरण संपवा." मी हो-नाही काही म्हटलं नाही. मन मात्र मानत नव्हतं. खून करणारा माणूस मेलेल्याचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसत नाही, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण ठाण्यात वर्षं काढली की माणसाचं बसणं-उठणं कळतं.

ठाण्याच्या फाटकाशी एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसायची. आमच्या अर्ध्या स्टाफच्या घरची सुकट तिच्याकडूनच जायची. आरटीओ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकातून बाहेर पडताना तिने हाक मारली.

"सायेब, तुमची ती निली गारी हाय ना, तिच्याखाली परवा दुपारचा कोन शिरलेला? तुमचाच मानूस व्हता काय?"

"कसला माणूस?"

"आवं, खाकी कपड्याचा. खाली निजून काय काय खोलत व्हता. मना वाटला, तुमीच बोलावलाय."

परवा दुपारी म्हणजे आरटीओ यायच्या आदल्या दिवशी. मंत्र्यांचा दौरा होता, अख्खं ठाणं बंदोबस्तावर. मागे फक्त ठाणे अंमलदार आणि एक शिपाई. शिपायाला समोर उभा केला. त्याने मान खाली घातली.

"साहेब, कंपनीचा फिटर आला होता. म्हणाला, बॅटरी चोरीला जाते, काढून ठेवतो. मीच हो म्हटलं."

"बॅटरी काढायला गाडीच्या खाली शिरतात का रे?"

त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्देमालाला परक्या माणसाचा हात लागू द्यायचा आणि वर तोंड करून सांगायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तसाच मोटारीकडे गेलो.

आणि मडगार्डकडे पाहून थबकलो. जिथे मी टोपी ठेवली होती, बरोबर त्या जागी निळा रंग फुगला होता. दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. नखाने ओढला तर पापुद्रा निघून आला आणि खालचा पत्रा दिसला.

मी त्याआधी काही काळ जिल्ह्याच्या मोटार परिवहन शाखेत होतो. तिथे एका ड्रायव्हरने मोठ्या साहेबांच्या गाडीच्या दारावर ब्रेक ऑइल सांडलं, फडक्याने पुसलं आणि गुपचूप बसला. दोन दिवसांत दाराचा रंग सोलून निघाला आणि साहेबांनी सगळी शाखा डोक्यावर घेतली. ब्रेक ऑइल रंग खातं, हे त्या दिवसापासून मी कधी विसरलो नाही.

बॉनेट उघडलं. आत सगळीकडे खाणीच्या धुळीचा थर, इंजिनावर, तारांवर, सगळीकडे. पण ब्रेक ऑइलचा डबा तेवढा लख्ख पुसलेला. आतलं ऑइल फिकट, ताजं. डबा मडगार्डच्या त्याच बाजूला होता. आरटीओने पाहिलं ते ऑइल अपघाताच्या दिवशी त्या गाडीत नव्हतंच.

फिटरला उचलून आणला. खोलीत नाही नेला, सरळ मोटारीपाशी उभा केला. त्याचा हात धरून मडगार्डवर ठेवला.

"हे काय?"

"उन्हाने झालं असेल, साहेब."

"ऊन एवढ्याच जागेवर पडतं?"

"आपल्याला काय माहीत नाय, साहेब. आपण फक्त बॅटरी बघायला आलो."

"ड्रायव्हर कोठडीत आहे. उद्या त्याच्यावर खुनाचं कलम लागतंय. त्याच्याबरोबर रोज डबा कोण खातो?"

तो माझ्याकडे बघेना. मी गप्प उभा राहिलो. कधी कधी ओरडण्यापेक्षा नुसतं उभं राहणं जास्त काम करतं, आणि त्या दिवशी मला ओरडायची फार इच्छा होती.

"मीच खातो," तो शेवटी म्हणाला. मग खालीच बसला. "इनचार्ज साहेबांनी सांगितलं. आरटीओवाले यायच्या आधी ऑइल बदलून ये. जुनं काळं झालंय, बरं दिसत नाय. खालून चाकाकडनं जुनं सोडलं, वरून नवीन ओतलं. घाईत सांडलं."

"जुनं कुठे टाकलंस?"

"टाकलं नाय. ठेवलंय."

त्याच्या गॅरेजची रीतच तशी. कुठलंही ऑइल फेकायचं नाही. वापरलेलं इंजिन ऑइल स्प्रिंगच्या पाट्यांना आणि दारांच्या बिजागऱ्यांना, आणि जुनं ब्रेक ऑइल गाड्यांच्या नंबर प्लेटांचा आधीचा रंग काढायला. ज्या गुणाने मडगार्डवर चुगली केली त्याच गुणासाठी याने पुरावा जपून ठेवला होता. पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि त्यानेच गॅरेजच्या फळीवरून बाटली काढून दिली. आतलं ऑइल काढ्यासारखं काळं. बाटली सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला, त्या ऑइलात नको तितकं पाणी मुरलेलं होतं.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. खाडीकाठी तर दोन पावसाळ्यांत त्याची वाट लागते. डब्यातली पातळी खाली जात नाही, त्यामुळे वरून सगळं ठीक वाटतं. पण उतारावर सतत ब्रेक दाबून चाकं तापली की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग पॅडल दाबलं तर वाफ दबते, चाकावरचा ब्रेक नाही. गाडी उभी राहून थंड झाली की पॅडल पुन्हा कडक. म्हणून सपाट रस्त्यावर, थंड गाडीत कुणीही दाबून पाहा, ब्रेक ठीकच लागणार. ड्रायव्हर पहिल्यापासून खरं बोलत होता.

इनचार्जला बोलावलं. तो स्वतःच्या पांढऱ्या मोटारीतून आला. ऑइलचा अहवाल मी त्याला दाखवला नाही. चहा मागवला आणि त्याच्या मोटारीचं कौतुक केलं.

"छान ठेवलीय गाडी. ब्रेक ऑइल वगैरे कधी बदलता?"

तो खुलला. "दर वर्षी. पावसाळा संपला की पहिलं काम ते. खाडीची हवा हो, ऑइल पाणी धरतं. लोकांना कळत नाही, इन्स्पेक्टर साहेब. ब्रेकशी खेळ नको."

"आणि साइटच्या गाड्यांचं?"

"त्यांचं काय? गळत नाही ना, मग राहू दे. पातळी कमी झाली की वरून टाकतो. सगळीकडे हीच पद्धत आहे."

"ड्रायव्हरने तक्रार केली होती म्हणे. पॅडल खाली जातं म्हणून."

"रोज काहीतरी तक्रार करतात ते लोक. तरी मी स्वतः बसून बघितलं. ऑफिससमोर पॅडल दाबलं, लागत होतं की."

"उतारावरून आणून बघितली?"

"मी? त्या गाडीतून?" तो हसला. "छे! मी माझ्या गाडीनेच खाली येतो."

बोलून झाल्यावर त्याला कळलं असावं, कारण चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. मी टेबलावर मूठ आपटली. पोलीस स्टेशनात तोवर मी कुणाच्या अंगावर धावून गेलो नव्हतो, त्या दिवशी मधे टेबल होतं म्हणून बरं. याला सगळं माहीत होतं. ऑइल पाणी धरतं हे माहीत होतं, उतारावर ब्रेक जाऊ शकतो हे माहीत होतं. स्वतःच्या जिवासाठी तो दर वर्षी ते बदलत होता. दुसऱ्याच्या जिवासाठी मात्र गळेपर्यंत थांबायला तयार होता. आणि माणूस मेल्यावर एका निरपराध माणसाला खुनी ठरवायला माझ्याच आवारात फिटर पाठवत होता.

"साहेब, कंपनीची पद्धत आहे ती," तो म्हणाला. "यात माझं काय चुकलं?"

त्याच्यावर निष्काळजीपणाचं कलम लावलं आणि पुरावा नष्ट करण्याचं कलम २०१ लावलं. फिटरवरही २०१. पुन्हा फोन आले, एवढ्याशा ऑइलसाठी मोठ्या कंपनीला कशाला गोवता म्हणून. मी म्हटलं, आदेश लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही.

खुनाचा संशय संपला आणि ड्रायव्हर जामिनावर घरी गेला. न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्याबद्दल त्याच्यावर खटला चाललाच, आणि चालायलाच हवा होता. त्याने चूक कबूल केली आणि झालेली थोडी शिक्षा भोगली. फिटरची नोकरी गेली. इनचार्जचा खटला वर्षानुवर्षं रेंगाळला आणि शेवटी तो दंड भरून सुटला. मधल्या काळात कंपनीने त्याला दुसऱ्या मोठ्या साइटवर नेलं, तेही बढती देऊन. याचा संताप मी कुठे काढायचा?

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गुन्हा घडल्यावर मी आधी विचारायचो, कुणी केलं. त्यानंतर मी आणखी एक विचारू लागलो. ही काळजी घ्यायची की नाही हे ठरवणारा कोण होता, आणि तो स्वतः त्या उतारावरून जात होता का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच यायचं. कारखान्यात, बांधकामावर, शाळेच्या गाडीत, सगळीकडे.

आता मी खांदेश्वरला राहतो. लहानशी गाडी आहे. पावसाळा संपला की गॅरेजमध्ये नेतो. दर वर्षी तिथला मेकॅनिक डब्यात डोकावतो आणि म्हणतो, "काका, गळत नाय, लेव्हल बरोबर आहे. राहू द्या की." दर वर्षी माझा आवाज चढतो आणि त्याला कळत नाही की या म्हाताऱ्याला एवढं चिडायला काय झालं.

त्या मेलेल्या माणसाची बायको मला आठवत असते. प्रकरण उलगडल्यावर मी तिला ठाण्यात बोलावलं होतं. ती अजून त्याच खोलीत राहत होती. ड्रायव्हरच्या आईने तिला जाऊ दिलं नव्हतं. तोवर नवऱ्याला मुद्दाम मारलं असं समजून ती त्या म्हातारीच्या हातचं जेवत नव्हती. "जयभीम साहेब," म्हणून ती बाकावर बसली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, ऑइल, पाणी, वाफ. तिने शांतपणे ऐकलं.

मग विचारलं, "साहेब, ते ऑइल बदलायला किती वेळ लागतो?"

मी म्हणालो, "अर्धा तास."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आमचे हे तर तिथं बसची वाट बघत तासभर उभे होते," ती म्हणाली.